शेडमधला कट्टा आणि गोल बागेचा निकाल

लीड्स,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कागदी पत्र पाहून आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधी सांगून टाकते: सगळं ठीक आहे. नोकरी आहे, तब्येत बरी आहे, पोरगा शाळेत जातो आणि अर्धा डबा परत आणतो. पत्राचं कारण वेगळं आहे. बाबा फोनवर दोन मिनिटं बोलतात. कोयना किती भरली ते सांगतात, "तिकडं थंडी पडली का" विचारतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही. शिवाय लेखी काही समोर आलं की बाबा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, चुका काढायला का होईना. जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाला गाठायचं तर असंच गाठावं लागतं.

आई, तू मागे विचारलंस ना, "दर रविवारी त्या शेडमध्ये बसून तुम्ही एवढं बोलता तरी काय?" त्याचं उत्तर फोनवर देताच येईना, म्हणून आता सविस्तर.

शेड म्हणजे आमच्या अलॉटमेंटवरची सामाईक खोली. इथली नगरपालिका भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते. पुरा तुकडा १० रॉडचा, आपल्या हिशेबात अडीच गुंठे. माझ्याकडे त्याचा अर्धा. त्यात मेथी, कोथिंबीर आणि हट्टाने लावलेली गवार, जी दर वर्षी वीतभर वाढून मान टाकते. रविवारी ११ वाजता कामं थांबतात, किटली चढते आणि टपालराव वर्तमानपत्र उघडतात. ही नावं आईनेच व्हिडिओवर पाहून ठेवलेली, बाबांना माहीत नसतील. टपालराव म्हणजे निवृत्त पोस्टमन, अस्सल यॉर्कशायरचा. वेल्सवहिनी नर्स आहे. हिशेबनीस आमच्यात सगळ्यात तरुण; त्याचं गुजराती घर १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी, लेस्टरला येऊन वसलेलं. आणि मौनीबाबा हा नॉर्थम्बरलंडचा सुतार. तो महिन्यात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन किटलीबद्दल.

पहिल्या पानावरच्या बातम्यांवर आमच्याकडे चर्चा होत नाही. युद्ध, व्याजदर, निवडणूक यांवर नुसत्या माना हलतात. खरा बाजार आतल्या पानांवर भरतो. टपालराव एखादी विचित्र बातमी न्यायाधीशाच्या आवाजात वाचतात आणि मग प्रत्येकाने बाजू घ्यायची. हसायचं नाही, ही अट. "दोन्ही बरोबर आहे" म्हणायचं नाही, ही दुसरी अट. ती मला पहिल्याच महिन्यात कळली.

२०१६ सालची गोष्ट. ध्रुवाकडे जाणाऱ्या नव्या संशोधन-जहाजाला नाव सुचवा, असं इथल्या सरकारी संशोधन परिषदेने लोकांना सांगितलं. जहाज २० कोटी पौंडांचं. लोकांनी सगळ्यात जास्त, १,२४,१०९ मतं कशाला दिली, तर 'बोटी मॅकबोटफेस'ला. मराठीत करायचं तर 'होडूबाई होडीतोंडे'. परिषदेची पंचाईत झाली. शेवटी जहाजाला सर डेव्हिड अॅटनबरोंचं नाव दिलं आणि होडीतोंडे बाईंची बोळवण त्यावरच्या एका छोट्या पिवळ्या पाणबुडीवर केली. शेडमध्ये दोन तट पडले: मत म्हणजे मत, विरुद्ध थट्टेलाही काही मर्यादा. मला विचारलं. मी नवी, घाबरलेली. म्हटलं, दोघांचंही पटतंय. टपालरावांनी किटली खाली ठेवली आणि सौम्यपणे म्हणाले, "ते इथं चालत नाही."

त्या रात्री मी बाबांना फोन केला. आठवतं? बाबांनी ती बातमी दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या गोल बागेतल्या आपल्या सकाळच्या कट्ट्यावर नेली आणि कट्ट्यावरच्या अप्पाकाकांचा निकाल मला कळवला: "मतं मोजायची असतात, मानायची असतात असं कुणी सांगितलं?" मी तो पुढच्या रविवारी शेडमध्ये वाचून दाखवला. अट मोडून हिशेबनीस हसला. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या प्रकरणात "सातारा काय म्हणतं?" हे विचारायची पद्धत पडली. बाबा, तुम्हाला मी हे कधी नीट सांगितलंच नाही. तुम्हाला वाटायचं, पोरगी आपली करमणूक करते आहे. इथे तुमचा कट्टा म्हणजे वरचं कोर्ट आहे.

किती खटले चालवले आपण! २०२२ च्या ऑक्टोबरात एका वर्तमानपत्राने ६० पेन्सचा लेट्यूसचा गड्डा आणून कॅमेऱ्यासमोर ठेवला, त्याला टोप घातला, डोळे चिकटवले आणि विचारलं: आधी कोण सुकतं, हा पाला की पंतप्रधान लिझ ट्रस? बाईंनी ४५ व्या दिवशी राजीनामा जाहीर केला; पाला जिंकला. शेडमध्ये वाद होता की हा विनोद की राज्यपदाचा अपमान. अप्पाकाकांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांचा शेतकरी जीव वेगळीकडेच अडकला: "साठ पेन्सचा पाला आणि इतके दिवस टिकला? औषध मारलेलं असणार. खाऊ नका म्हणावं."

हँडफर्थचा खटला आईचा. २०२१ च्या फेब्रुवारीत चेशायरमधल्या त्या गावच्या पंचायतीची झूमवरची सभा सगळ्या देशाने पाहिली. सभा चालवायला जॅकी वीव्हर नावाच्या बाई आल्या होत्या. अध्यक्षमहाशय त्यांच्यावर ओरडले, "तुम्हाला इथं काही अधिकार नाही!" तर बाईंनी शांतपणे त्यांना सभेतून काढून प्रतीक्षाकक्षात बसवलं. मग दुसरे गृहस्थ किंचाळले, "नियम वाचा! वाचा आणि समजून घ्या!" आईने ती चित्रफीत पाच वेळा पाहिली, कारण सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची सभा तिला आठवत होती. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तळमजल्यावरच्या काकांना तिने तेच वाक्य शुद्ध मराठीत ऐकवलं. मी हे शेडमध्ये सांगितल्यापासून वेल्सवहिनी आईला 'सेक्रेटरीबाई' म्हणते. भेटल्याशिवायच दोघींचं जमलं आहे.

वेल्सवहिनी लँडिड्नोची. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत तिच्या गावात ग्रेट ऑर्मच्या डोंगरावरून रानटी शेळ्या उतरल्या, रिकाम्या रस्त्यांवरून हिंडल्या आणि लोकांची कुंपणं खाऊन टाकली. जात काश्मिरी! ती म्हणाली, तुमच्या आहेत, घेऊन जा. मी म्हटलं, दीडशे वर्षं तुमच्याकडचं गवत खाल्लं, आता त्या तुमच्याच.

जाफा केकचं प्रकरण जुनं, १९९१ चं, पण हिशेबनीस ते दर वर्षी उकरून काढतो, कारण त्याच्या धंद्यातलं एवढं एकच चविष्ट प्रकरण आहे. इथे केकवर व्हॅट शून्य, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर पुरा. तर संत्र्याची जेली आणि चॉकलेट असलेली ती चकती केक की बिस्किट? न्यायाधिकरणाने बऱ्याच गोष्टी तपासल्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती एक: शिळा केक कडक होतो, शिळं बिस्किट मऊ पडतं. जाफा केक कडक होतो, म्हणून केक. बाबांनी डिसेंबर २०२४ मध्ये पॉपकॉर्नवरच्या जीएसटीचं कात्रण पाठवलं होतं ना, सुटं खारं ५ टक्के, पाकिटातलं १२, कॅरमेलचं १८? ते हिशेबनीसने शेडच्या भिंतीला खिळ्याने ठोकून ठेवलंय. मराठी येत नाही त्याला, पण आकडे वाचून मान डोलावतो.

चहाच्या खटल्यात मात्र मी हरले. २०२४ च्या जानेवारीत एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी चहात चिमूटभर मीठ टाका, कडवटपणा कमी होतो, असं सांगितलं. देश पेटला. लंडनच्या अमेरिकन वकिलातीला खुलासा काढावा लागला की हे आमचं सरकारी धोरण नव्हे, आणि शेवटी त्यांनीच मिस्किलपणे जोडलं की आम्ही मात्र चहा योग्य रीतीनेच, मायक्रोवेव्हमध्ये, करत राहू. शेडमध्ये त्या बाईंना एकमताने दोषी ठरवलं. त्या भरात मी बोलून गेले की आमच्याकडे पाणी, दूध, साखर, आलं, पत्ती सगळं एकत्र उकळतात. कुणी काही बोललं नाही. टपालरावांनी फक्त किटली उचलून स्वतःच्या पलीकडे ठेवली.

आणि अॅपॉस्ट्रॉफी! तो बाबांचा स्वतःचा खटला. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावरचं ते वरचं स्वल्पविरामासारखं टिंब. २०२४ च्या मेमध्ये इथून जवळच्या हॅरोगेटमध्ये रस्त्यांच्या नव्या पाट्यांवरून ते काढायचं ठरलं, कारण म्हणे संगणकाला त्रास होतो. लोक खवळले, आणि काही महिन्यांत नगरपालिकेने माघार घेतली. केंब्रिजमध्ये २०१४ साली असंच झालं होतं, तेव्हा तर कुणीतरी रात्री काळी मार्कर घेऊन पाट्या दुरुस्त करत फिरले. हे ऐकून बाबांना झालेला आनंद मला इथपर्यंत ऐकू आला होता. 'दुध'चं 'दूध' करायला तुम्ही खडू घेऊन डेअरीसमोर उभे राहिला होतात आणि आई लाजून पुढे निघून गेली होती, ते विसरले नाही मी. पण मला जास्त आठवतो तो २०१९ चा डिसेंबर. बॉस्टन नावाच्या इथल्या गावातल्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये अॅपॉस्ट्रॉफी बचाव मंडळ काढलं होतं. वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी ते बंद केलं आणि कारण दिलं की अज्ञान आणि आळस जिंकले. मी हसत हसत तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. थोड्या वेळाने विचारलंत, "त्यांचा पत्ता मिळेल का गं?"

आता जे सांगायचं आहे ते.

नॉर्थम्बरलंडात हेड्रिअनच्या भिंतीच्या एका खोलगट जागेत, दोन टेकड्यांच्या मधोमध, सिकमोरचं एकच झाड होतं. रोमन लोकांनी बांधलेली ती भिंत, आणि आजूबाजूला काही नाही. लोक तिथं लग्नाची मागणी घालायचे, रक्षा विसर्जन करायचे. २७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, वादळात, दोन माणसांनी ते करवतीने पाडलं. सकाळी सगळा देश सुन्न.

त्या रविवारी टपालरावांनी पेपर उघडलाच नाही. चहा ओतला. आणि मौनीबाबा म्हणाला, "माझी आई तिथं आहे." म्हणजे तिची रक्षा. इतक्या वर्षांत त्याला आई होती हेही आम्हाला माहीत नव्हतं.

मला वाटलं, आता कुणीतरी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवेल. आपल्याकडे ठेवला असता. वेल्सवहिनीने फक्त बिस्किटांचा डबा त्याच्याकडे सरकवला. मग टपालराव घसा खाकरून म्हणाले, "तर मग. शिक्षा काय द्यायची?" आणि तासभर भांडण झालं. वहिनीचं म्हणणं, जन्मभर झाडं लावायला लावा. हिशेबनीसचा प्रश्न, झाडाची किंमत कशी काढायची? (पुढे खटल्यात खरंच ती ६ लाख २२ हजार पौंडांवर मांडली गेली, आणि त्यावरही वाद झाला.) आधी मला ते फार क्रूर वाटलं. माणूस समोर बसलाय आणि हे कलमं काढतायत. पण मौनीबाबा बोलायला लागला. आईबद्दल एक शब्द नाही. सिकमोरच्या लाकडाबद्दल. ते पांढरट असतं, दाट असतं, त्याला ना वास ना चव, म्हणून स्वयंपाकाचे डाव आणि वाडगे त्याचे करतात; त्याच्या घरात तसा एक डाव आहे, काठ झिजलेला. दहा मिनिटं बोलला. इतरांनी मध्ये मध्ये शंका विचारल्या, म्हणजे त्याला थांबावं लागू नये.

तो निकालही साताऱ्याहून आला होता. अप्पाकाका: "झाड तोडणाऱ्याला एकच शिक्षा. मे महिन्यात भर दुपारी त्याच बुंध्यावर बसवायचं, सावलीशिवाय." मी वाचून दाखवलं. मौनीबाबाने विचार केला आणि म्हणाला, "नॉर्थम्बरलंडात ऊन कुठून आणायचं?" आणि हसला. त्या हसण्याबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, पण अप्पाकाकांना सांगायला सांगितलं होतं का, ते आठवत नाही. सांगितलं असलं तर बरं.

पुढच्या वर्षी त्या बुंध्याला कोंब फुटले. त्या झाडाची ४९ रोपं करून वाटायची ठरली, कारण पडलं तेव्हा ते ४९ फूट उंच होतं. आणि या जुलैमध्ये त्या दोघांना सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. पण तोवर आषाढात अप्पाकाका गेले होते.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "अप्पा गेला." आणि त्याच श्वासात कोयनेचे टीएमसी. मीही काय केलं? "एवढ्या लवकर एवढं भरलं?" असं विचारलं. आपण दोघं त्या शेडमधल्या लोकांना हसण्याच्या लायकीचे नाही.

आईवर रागावू नका, तिनेच सांगितलं. तुम्ही गोल बागेत जात नाही. सकाळी पेपर येतो, घडी तशीच असते. चालायचं तर सोसायटीच्या आवारात आठ फेऱ्या मारता, तुरुंगातल्यासारख्या. एसटीतले मास्तर दोनदा घरी येऊन गेले, तुम्ही झोपलेले होतात. दोन्ही वेळेला सकाळी साडेसातला?

इकडे काय झालं तेही ऐका. जुलैत शिक्षेची बातमी आली तेव्हा टपालरावांनी नेहमीसारखं विचारलं, "सातारा काय म्हणतं?" मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. धीर झाला नाही. म्हणून मीच एक निकाल रचून सांगितला, सव्वाचार वर्षं योग्य वाटतात वगैरे. हिशेबनीस म्हणाला, "हे तुझं आहे. तुझ्या वडिलांच्या लोकांचा निकाल इतका गुळमुळीत नसतो." मग मला अप्पाकाकांचं सांगावं लागलं. कुणी काही बोललं नाही. बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकला.

आता ताजा खटला. आमच्या शेडचं छप्पर गळतं, नेमकं माझ्या खुर्चीवर. दुरुस्तीला मौनीबाबा वर चढला तर वाशाला एक वटवाघूळ लटकलेलं. खाली आला आणि शिडी घडी करून ठेवली. इथे कायदा असा की वटवाघळाला तर नाहीच, त्याच्या राहण्याच्या जागेलाही परवानगीशिवाय हात लावायचा नाही, ते तिथं नसलं तरी. लगेच गेल्या वर्षीचं भांडण उकरून निघालं: लंडनहून बर्मिंगहॅमला जाणाऱ्या नव्या वेगवान रेल्वेला बकिंगहॅमशायरमधल्या शीपहाउस वुडपाशी सुमारे एक किलोमीटर लांब बोगदावजा छत घालतात, कशासाठी, तर तिथल्या सुमारे ३०० दुर्मिळ वटवाघळांसाठी. खर्च १० कोटी पौंड. म्हणजे हजार कोटी रुपयांच्या वर. रेल्वेच्या अध्यक्षांनीच २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर कुरकूर केली होती.

टपालराव आणि हिशेबनीस म्हणतात, वेडेपणा आहे. एवढ्यात किती दवाखाने झाले असते. वेल्सवहिनी आणि मौनीबाबा म्हणतात, पाखरू मत देत नाही म्हणून त्याचा हिशेब नंतर करायचा का. दोन विरुद्ध दोन. आमच्या छपरालाही तोच न्याय लागणार. मी नेहमीच्या सवयीने "दोघांचंही..." म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. टपालराव म्हणाले, "साताऱ्याकडे पाठव."

तर पाठवते आहे. पण एक अट टपालरावांनी घातली आहे आणि ती मी मोडू शकत नाही: घरात एकट्याने दिलेला निकाल धरला जाणार नाही. कट्ट्यावर, निदान तिघांसमोर, भांडून झालेला पाहिजे. मास्तर आहेत, बँकेतले काका आहेत, तिसरा चहावाला धरा. त्याचं मत अप्पाकाका असतानाही कुणी विचारलं नाही, हा अन्यायच होता. अप्पाकाका काय म्हणाले असते, तेही तिथं काढा. मला स्वतःला वाटतं, ते वटवाघळाच्या बाजूने नसते आणि रेल्वेच्याही नसते; आधी ठेकेदार कोण ते विचारलं असतं.

दिवाळीच्या आत कळवा. इथे पाऊस लागला आहे आणि सध्या मी छत्री उघडून चहा पिते.

तुमची,
मेघा

ता. क. आई, फराळात चकल्या दोन डबे पाठव, एक शेडसाठी. टपालराव त्याला बिस्किट म्हणतात आणि हिशेबनीस म्हणतो, शिळी झाली की मऊ पडते का ते बघूया. आमच्याकडे ती शिळी होईपर्यंत कधी उरलीच नाही.